मठाची खापरी

"...पण दिलेलं त्यांच्याजवळ राहिलं की नाही, हे देणाऱ्यानं ओळखायचं कसं?"

रिसबूड सरांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांना वाटलं, आपण भलत्याच ठिकाणाहून सुरुवात केली.

केवळनाथबाबा चुलीशेजारी बसून फुटक्या मडक्याचे तुकडे फडक्यानं पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कशाचं विचारताय, मास्तर? खापऱ्यांचं?"

"हो... खापऱ्यांचंच."

ते खरं नव्हतं.

मठ घाटमाथ्यावर. पुढं कोकण, मागं देश. जुन्या पायवाटेनं चढणारा-उतरणारा इथं टेकतो, भाकरी खातो, पाठ टेकतो आणि आपल्या वाटेनं जातो. मठाची रीत एकच. मठात काही ठेवायचं नाही. उद्याचा दाणा नाही, दुसरं वस्त्र नाही, आणि आल्यागेल्याची नोंदही नाही.

जाणाऱ्याच्या हातावर बाबा एक खापरी ठेवतात. तीवर खिळ्यानं काढलेले दोनचार ओरखडे. माणूस पुन्हा आला की खापरी पुढं करतो. बाबा तीवरून अंगठा फिरवतात, आणि त्याला काय चालतं, काय चालत नाही, कुठं निजतो, ते न विचारता सगळं होतं.

खापरी नसली तर माणूस नवा. काल गेलेला असला तरी नवा.

खालच्या गावातल्या विश्वस्तांना याचीच धास्ती. बाबा पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांच्यामागं कोण वाचणार हे ओरखडे? म्हणून त्यांनी रिसबूड सरांना गाठलं होतं. सगळं एकदा संगणकात घालून द्या, सर.

डॉ. भालचंद्र रिसबूड. वय एकाहत्तर. अभियांत्रिकी महाविद्यालयात चौतीस वर्षं संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. चढ चढताना त्यांनी आठ वेळा थांबून स्वतःची नाडी पाहिली होती आणि पिशवीची चेन लागली आहे ना, हे त्याहून जास्त वेळा.

पिशवीत लॅपटॉप होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आणि एक पत्र.

पत्र एका तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांना होतं. या सत्राला शिकवायला या, असा त्यांचा आग्रह होता. सोमवारपासून.

मागच्या महिन्यात सर तिथं एक दिवस शिकवून आले होते. विषय त्यांच्या जिवाभावाचा. वेबपानानं आलेल्या माणसाला ओळखायचं कसं. दोन तास ते जीव ओतून बोलले. मग तिथल्या तिथं पाच प्रश्नांचे कागद वाटले. बासष्ट कागद परत आले. त्यातले चाळीस कोरे. एकावर नुसतंच लिहिलेलं, 'सर, तुमचं अक्षर सुंदर आहे.'

त्या दिवसापासून त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. एका दिवसात चाळीस कोरे... मग चौतीस वर्षांत किती?

पत्रात दोनच ओळी होत्या. 'माझ्याकडून आता कोणाला काही मिळेल असं मला वाटत नाही. क्षमा असावी.' टपालपेटी घाटाच्या पायथ्याशी, फाट्यावर होती. उतरताना पत्र टाकायचं, हे घरून निघतानाच ठरलेलं.

"जुनी एखादी वही?" सरांनी कामाचं विचारलं. "आधीच्या महाराजांच्या वेळची?"

"नाही."

"म्हणजे आलेला माणूस तुमच्या लक्षात राहतो?"

"राहत नाही."

"मग पंचाईत होत नाही?"

"कुणाची?"

सर हसले. शिकलेल्या माणसाचं, जरासं कीव करणारं हसू. बाबांना दुखावलं तर नाही ना, म्हणून ते लगेच आवरलंही.

"सोप्या भाषेत सांगतो, बाबा. आमच्याकडे सर्व्हर म्हणून एक यंत्र असतं. लोक त्याच्याकडे पान मागायला येतात. ते पान देतं. दिलं की विसरलं. पुढच्या क्षणी तोच माणूस दुसरं पान मागायला आला, तरी त्याला तो नवाच."

बाबांचा हात थांबला.

"वा," ते म्हणाले.

"वा काय त्यात? तीच तर मोठी अडचण."

"बरं. मग?"

"मग त्यावर तोड निघाली. पान देताना सर्व्हर सोबत एक चिठ्ठी देतो. समोरच्या माणसाचं जे यंत्र असतं ना, त्यातला ब्राउझर ती चिठ्ठी जपून ठेवतो. पुढच्या वेळी पान मागताना न सांगता ती पुढं करतो. सर्व्हर वाचतो आणि ओळखतो. तिला कुकी म्हणतात."

"म्हणजे?"

"म्हणजे... बिस्किट."

बाबांनी आता मात्र मान वर केली.

"वाटेत खाल्लं म्हणजे?"

"तसं नाही हो. नाव आपलं पडलंय तसं."

"दुसऱ्या दारात दाखवली तर?"

"चालत नाही. ज्यानं दिली त्यालाच दाखवायची. दुसऱ्याला ती दिसतसुद्धा नाही."

"आणि ज्याच्याजवळ असते, त्याला वाचता येते?"

सरांना हा प्रश्न वर्गात इतक्या वर्षांत दोनदाच कोणी विचारला होता.

"देणाऱ्यानं तसं बांधून दिलं असेल, तर नेणाऱ्यालाही वाचता येत नाही. नुसती वाहून न्यायची."

बाबांनी फडकं खाली ठेवलं.

"दाखवा."

सरांनी लॅपटॉप उघडला. मठात वीज नव्हती, इंटरनेटही नव्हतं. पण याच यंत्रात सर्व्हर होता आणि ब्राउझरही याच यंत्रात. देणारा आणि घेणारा एकाच घरात. काम दोनच ओळींचं. एका ओळीत चिठ्ठी द्यायची, दुसऱ्या ओळीत वाचायची.

चिठ्ठीत त्यांनी बाबांचंच नाव घातलं. मुदत एक वर्षाची.

बाबा शेजारी सरकून बसले. सरांनी कळ दाबली.

पान आलं. 'नमस्कार,' आणि पुढं काहीच नाही.

कोरं.

सरांचे कान गरम झाले. ही चूक त्यांच्या ओळखीची होती. दर वर्षी, दर वर्गात, पहिल्याच आठवड्यात निम्मी मुलं ही चूक करायची. वर्षानुवर्षं त्यांनी तिच्यावर लाल फुली मारली होती. पहिल्या पाच-सात वर्षांत तर ते ओरडायचेसुद्धा.

"दिली ना तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"दिली."

"मग?"

"त्याच खेपेत वाचता येत नाही ती. दिलेली असते, पण अजून आलेली नसते. सर्व्हरला काय दिसतं? आलेल्यानं जे पुढं केलं तेच. हा तर येताना रिकाम्या हातानं आला होता. चिठ्ठी घेऊन आधी त्यानं जायला हवं. मग पुन्हा..."

सर बोलता बोलता थांबले.

कशानं थांबलो, ते त्यांच्या ध्यानात येईना. नाडीकडे हात गेला.

"पुन्हा?" बाबा म्हणाले.

सरांनी तेच पान पुन्हा मागितलं.

'नमस्कार, केवळनाथ.'

बाबांनी पडद्याला हात जोडले. त्यात थट्टा नव्हती. आरतीला जोडतात तसे.

"आता ते देणारं यंत्र विझवा."

"सर्व्हर? का?"

"विझवा तर."

सरांनी सर्व्हर बंद केला. बाहेर करवंदीच्या जाळीत होला घुमत होता.

"पेटवा आता."

चालू केला. पान मागितलं.

'नमस्कार, केवळनाथ.'

"विझून उठलं तरी ओळखलं," बाबा हळूच म्हणाले.

"त्यानं कुठं ओळखलं, बाबा? ओळख त्याच्याजवळ नव्हतीच. ती..."

सर पुन्हा थांबले.

"पुसायची असली तर?"

"पुसता येत नाही. ती दुसऱ्याच्या घरी असते ना. तीच चिठ्ठी पुन्हा द्यायची, फक्त मुदत गेल्या दिवसाची घालायची. मग तो आपण होऊन टाकून देतो."

"हिसकावून घ्यायची नाही?"

"घेताच येत नाही."

"गेल्या दिवसाची मुदत..." बाबा स्वतःशीच म्हणाले. "मास्तर, तुमच्या शास्त्रात कोणीतरी मोठा होऊन गेला."

सरांना सांगावंसं वाटलं की तो एक साधा नोकरदार इंजिनिअर असेल, त्याला एक अडचण सोडवायची असेल, एवढंच. पण ते बोलले नाहीत. हे शास्त्र त्यांनी इतकी वर्षं शिकवलं, आणि कधी कोणी त्याला हात जोडलेले त्यांनी पाहिले नव्हते. स्वतः तर कधीच नाही.

"बाबा हायत काय?"

दारात एक बाई उभी होती. साठीच्या घरातली, कासोट्याचं लुगडं, पायांना लाल माती. कोकणातून चढून आलेली. धाप लागलेली, तरी चेहरा हसरा.

"मी गोरिवल्यांची. सरस्वती. पहिल्यांदाच आलंय."

बाबांनी मान हलवली. कुठून, कशाला, काही विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला.

पाणी पिऊन तिनं कमरेची पिशवी सोडली. रुमालाची गाठ सोडली. आतून एक खापरी निघाली. काळी पडलेली, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"घर शाकारताना सापडली. सासऱ्यांच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत. मालक म्हणाले, फेक उकिरड्यावर. पण सासरे जाताना एवढंच बोलले होते, ती मठाची हाय. कुठला मठ, काय मठ, काय सांगितलं नाही. इचारत इचारत आलंय. तुमचीच हाय ना? नसली तर तशी सांगा, भाकरी खाऊन जाईन उतरून."

बाबांनी खापरी घेतली. डोळे मिटले. ओरखड्यांवरून अंगठा फिरू लागला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली.

"माझ्या गुरूंच्या गुरूंचा हात आहे हा," ते म्हणाले. "साठ वर्षं तरी झाली असतील."

सर लॅपटॉप सोडून पुढं सरकले. त्यांना नुसते ओरखडे दिसत होते. दोन आडवे, एक उभा, एक वाकडा.

"दूध नको," बाबा वाचू लागले.

बाईच्या तोंडातून "अगो बाय" एवढंच निघालं. "खरंच. दूध चालायचं नाय त्यांना."

"पडवीतली जागा. भिंतीकडची."

"आणि?"

बाबांचा अंगठा शेवटच्या वाकड्या ओरखड्यावर थांबला. तिथून मागं आला. पुन्हा तिथंच गेला.

"याला काही विचारू नये."

...

होल्याचं घुमणं थांबलं होतं. बाई तांब्याकडे पाहत उभी होती.

"दर साली माघात उठून जायचे," ती म्हणाली. "चार दिवस. कुठं, ते सांगायचे नाहीत. घरात रोज तेच. कुठं होतात? कोणाकडे होतात? सासूबाई इचारायच्या, मालक इचारायचे. मी तर धाकटी सून, पण मीपण इचारलं. बाहेर काय भानगड हाय म्हणाले लोक. जल्मभर आम्ही त्यांना इचारीतच ऱ्हायलो, बाबा."

तिनं रुमालाची घडी घातली.

"तुम्ही बघितलं असंल की त्यांना. वीस वर्षांमागं तर गेले."

"पाहिलं असेल."

"इथं येऊन काय करायचे?"

"ते खापरीवर नाही."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. केरसुणी घेतली. पंच्याऐंशी वर्षांचा तो माणूस पडवीत गेला, भिंतीकडचा कोपरा झाडला, पोतं अंथरलं आणि बाईला म्हणाला, "बसा. चहा बिनदुधाचा आणतो."

"मला दूध चालतंय की!"

"मग दुधाचा."

बाई हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. भिंतीला पाठ टेकून ती खाली बसली, सासरे बसत असतील तशीच, आणि समोरच्या दरीकडे बघत राहिली. तिला कोणी काही विचारलं नाही.

रिसबूड सर मात्र जागचे हलले नव्हते.

साठ वर्षं. देणारा गेला. त्याचा शिष्य गेला. घेणाराही गेला. ज्यानं जन्मभर जवळ बाळगली त्याला ती वाचता येत नव्हती, आणि जिनं आणली तिला ती काय आहे हेही ठाऊक नव्हतं. तरी ती आली. आली आणि वाचली गेली. पडवीतला कोपरा झाडला गेला.

त्यांच्या अंगावर काटा आला. या वयात असा काटा आलेला बरा की वाईट, अशी शंकाही त्यापाठोपाठ आलीच.

बाबा चुलीशी परतले. आधण ठेवलं.

"बाबा," सर म्हणाले. "मी त्यांना त्याच दिवशी कागद दिले हो."

"कोणाला?"

"मुलांना. दोन तास शिकवलं आणि तिथल्या तिथं... त्याच खेपेत."

बाबांनी चहाची पूड टाकली.

"कोरे आले," सर म्हणाले.

"हं."

"मला वाटलं..."

बाबांनी 'काय वाटलं' म्हणून विचारलं नाही. चहा झाला. एक कप पडवीत गेला. एक सरांच्या पुढं आला. मग बाबांनी मघाशी पुसलेल्या तुकड्यांतला एक निवडला. खिळा घेतला. सरांकडे एकदा नीट पाहिलं, जसं चांभार पायाकडे पाहतो तसं, आणि कोरायला लागले.

बराच वेळ कोरत होते. फुंकर मारून धूळ उडवली आणि खापरी सरांच्या हातावर ठेवली.

"काय कोरलंत?"

बाबा चहा पीत होते.

"वाचून दाखवा ना. मला घाई नाही."

"आत्ता?"

"आत्ता. तुम्हीच तर कोरलंत."

बाबांनी कप खाली ठेवला. खापरी परत घेतली. डोळे मिटून तीवरून अंगठा फिरवला. एकदा. दोनदा.

"कोरी आहे," बाबा म्हणाले.

"कोरी? अहो, हे ओरखडे..."

"तुमच्या डोळ्यांना ओरखडे आहेत. माझ्या अंगठ्याला कोरी आहे."

"मग लागेल कधी तुमच्या अंगठ्याला?"

"तुम्ही आलात की."

"मी इथंच आहे की, बाबा!"

"गेलात कुठं अजून?"

पडवीतून बाईचं हसू ऐकू आलं. तिला काय कळलं होतं कोण जाणे. सरांनाही हसू आलं, आणि हसताना आपले डोळे भरले आहेत हे त्यांना उशिरा कळलं.

उन्हं कलायला लागली होती. उतार उजेडातच उतरायला हवा होता. सरांनी लॅपटॉप मिटला.

"विश्वस्तांना काय सांगू? नोंद कुठं आहे म्हणून विचारतील."

"सांगा, आहे."

"कुठं?"

बाबा दारात आले. त्यांनी हात उचलला आणि कोकणाकडून देशाकडे, दरीवरून, डोंगरावरून, खालच्या धुरकट गावांवरून, हळूहळू फिरवला. हात फिरेल तिथं तिथं सरांची नजर गेली. एकेक छप्पर, एकेक ट्रंक, एकेक धोतराची घडी. आणि मग, का कोण जाणे, बासष्ट बाकं. त्याआधीच्या चौतीस वर्षांची सगळी बाकं.

ते बराच वेळ तसेच उभे राहिले. गोळी घ्यायची वेळ टळून गेली, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"कशात तरी गुंडाळून न्या," बाबा म्हणाले. "कच्चं मडकं आहे. कडा उडतात."

सरांनी पिशवी चाचपली. रुमाल घामानं ओला. लॅपटॉपची पिशवी घट्ट. गोळ्यांची पट्टी. हाताला पाकीट लागलं.

ते त्यांनी बाहेर काढलं. आतलं पत्र उलगडलं. दोन ओळी, सुंदर अक्षर.

"त्यावर काही लिहिलंय," बाबा म्हणाले.

"हो."

"कुणाला द्यायचं होतं?"

सरांनी खापरी कागदाच्या मधोमध ठेवली. एक घडी. दुसरी घडी. कडा आत दुमडल्या. घड्या नीट पडल्या.

"होतं," ते म्हणाले.

पुडी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. पिशवीची चेन लावली. दोन पावलं उतरले... आणि परत वळले. भीती काही त्यांना सोडून गेली नव्हती.

"बाबा, वर्गाचं ठीक आहे. सोमवारी जाईन. पण इथं... एकाहत्तर झाली मला. हा चढ पुन्हा जमेलच असं नाही. मी आलोच नाही तर?"

पडवीत बाई काळी खापरी पुन्हा रुमालात बांधत होती.

बाबांनी तिकडे पाहिलं. मग सरांकडे.

"खापरी येईल."